पोटखराब्याची किंमत

जमिनीच्या दप्तरांत "पोटखराबा" हा शब्द ज्यानें वाचला नाहीं असा खातेदार विरळा. सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीखालील क्षेत्र एका बाजूस लिहितात आणि जें क्षेत्र नांगराखालीं येत नाहीं तें पोटखराब्यांत टाकतात. त्यांतहि दोन वर्ग आहेत. मोजणीच्या वेळीं शेतीस निरुपयोगी ठरलेली जमीन, खळें, शेतघर हीं वर्ग अ मध्यें. आणि रस्ता, पायवाट, इतरांच्या वापराचा ओढा अगर तलाव, दफनभूमि अशा सार्वजनिक कामीं राखलेली जमीन वर्ग ब मध्यें. मोजणीच्या वेळीं या दोहोंवर आकार बसविला गेला नाहीं, म्हणून वहींत त्यांची किंमत शून्य. हें शून्य महसुलाचें आहे, उपयुक्ततेचें नव्हे. परंतु कागदावरील तें शून्य वाचून वाचून आमच्या समजुतींतहि शून्यच बसलें आहे. डोंगरउतार, गायरान, ओढ्याचा कांठ, माळ हें सारें फुकटचें. त्यांतून मुरूम काढला, झाडें तोडलीं, अगर तेथें कोणीं कुंपण घातलें, तरी आपलें कांहीं गेलें नाहीं, असें बहुतेकांस वाटतें. पुढें चार-पांच वर्षांनीं खालच्या विहिरी मार्गशीर्षांतच तळ दाखवूं लागतात. पण या दोन गोष्टींचा संबंध जोडणारा रकाना कोणत्याहि वहींत नसतो.

हा दोष ज्यांनीं वही घातली त्यांचा म्हणतां येणार नाहीं. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांच्या पाहणीवरून आकार बसविण्यांत आला आणि तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. मातीची जात, तिची खोली व तिच्यांतील दोष पाहून प्रतवारी ठरे. प्रश्न एकच होता : या तुकड्यावर कुणबी किती आकार सोसूं शकेल ? त्या प्रश्नास ती वही चोख उत्तर देते. तुकड्यांत येणारें पाणी कोठून येतें, हा प्रश्न तिला कोणीं विचारलाच नाहीं. आमचें सारें आयुष्य अशाच वह्यांचे ताळे जुळविण्यांत गेलें असल्यामुळें, एका कामासाठीं घातलेली वही दुसऱ्या कामास लावली म्हणजे काय घोटाळा होतो, हें आम्हांस परिचयाचें आहे.

आतां निसर्गरक्षणाच्या योजना गांवोगांव येत आहेत. कोठें पाणलोटाचें काम निघतें, कोठें गायरानावर झाडें लावावयाचीं असतात, कोठें माळावर पाखरांसाठीं गवत राखावयाचें असतें. योजना आणणारे म्हणतात कीं, फायदा अपार आहे. विरोध करणारे म्हणतात कीं, पैसा पाण्यांत गेला. दोघांच्याहि हातांत वही नसते. वास्तविक अशा कामांचा जमाखर्च मांडण्याचें एक स्वतंत्र शास्त्र गेल्या शंभर-सवाशें वर्षांत वाढलें आहे. त्याची रीत काय आणि तिच्यांत कोठें फसगत होते, हें खातेदारांस ठाऊक असणें अवश्य आहे. कारण या योजनांना ग्रामसभेंत हात वर करून संमति द्यावयाची ती आपणच. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अशा योजनेची एकूण बेरीज बरोबर असूनहि हिशेब फसूं शकतो, कारण जमा एकाच्या खात्यावर पडते आणि खर्च दुसऱ्याच्या. ही तफावत जी योजना मिटवीत नाहीं ती कागदावर कितीहि नफ्याची दिसली तरी जमिनीवर टिकत नाहीं.

किंमत कशी काढतात

ज्या वस्तूस बाजार आहे तिची किंमत काढणें सोपें. राखलेल्या उतारावर गवत वाढलें, त्याच्या पेंढ्या किती आणि भाव काय, हें कोणीहि सांगेल. एका पिकाच्या जागीं दोन पिकें निघालीं, तर बियाणें, खत, मजुरी वजा जातां उरलें काय, हेंहि निघतें. बाजार नसलेल्या वस्तूस मात्र आडवळणानें जावें लागतें.

पहिलें आडवळण पर्यायी खर्चाचें. ओढा व झरा राखल्यामुळें टँकर लागला नाहीं, तर वांचलेला टँकरचा खर्च ही त्या झऱ्याची निदान एवढी तरी किंमत. दुसरें आडवळण प्रवासखर्चाचें. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९४७ सालीं तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यास पत्र लिहून सुचविलें कीं, लोक उद्यान पाहावयास किती लांबून व किती खर्च करून येतात यावरून उद्यानाची किंमत काढतां येईल. तिसरें आडवळण सरळ विचारण्याचें : अमुक पक्षी अगर अमुक किनारा राखण्यासाठीं आपण किती पैसे द्याल ? १९८९ सालीं अलास्काच्या समुद्रांत एक्झॉन वाल्डीझ या जहाजांतून तेल सांडलें, तेव्हां नुकसान ठरविण्यासाठीं ही रीत वापरली गेली आणि तिच्यावर मोठा वाद माजला. पुढें केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या दोन नोबेल पारितोषिकविजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळानें १९९३ सालीं असें मत दिलें कीं, रीत वापरावयास हरकत नाहीं, परंतु प्रश्न मतदानासारखा, होय किंवा नाहीं असा विचारावा, आणि हे पैसे दिले तर दुसऱ्या गरजांस तितके कमी पडतील, याची आठवण उत्तर देणाऱ्यास आधीं करून द्यावी. दुसऱ्याच्या खिशांतून उदार होणें सर्वांसच सोपें जातें, हें त्या मंडळानें ओळखलें होतें.

आपल्याकडेहि हा विचार कोर्टापर्यंत गेला आहे. जंगलाची जमीन खाण, धरण, रस्ता अशा कामास वळवावयाची असेल तर झाडांच्या लांकडाखेरीज जंगलाच्या पुढील सर्व उपयोगांची आजची किंमत भरून घ्यावी, असें सुप्रीम कोर्टानें ठरविलें, आणि २००८ सालीं ती जंगलाच्या जातीप्रमाणें हेक्टरीं ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये अशी बांधून दिली. पुढें त्या दरांत वाढहि झाली. म्हणजे ज्यावर आकार नाहीं त्यासहि किंमत आहे, हें तत्त्व मान्य झालें. मात्र ही रक्कम जंगल मोडणाऱ्यानें भरावयाची आहे. आपला उतार राखून खालच्यांचें पाणी वाढविणाऱ्या गांवास काय मिळावें, हा प्रश्न निराळाच राहतो.

वटावाचा दर

किंमत निघाली तरी काम संपत नाहीं. निसर्गरक्षणांत खर्च आज होतो आणि उत्पन्न पुढें केव्हां तरी येतें. पुढील रुपया आजच्या रुपयाबरोबर नाहीं, हें सावकाराशीं गांठ पडलेल्या कोणासहि शिकवावयास नको. जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान यानें १८४९ सालींच झाडांखालील जमिनीची किंमत या तत्त्वावर काढून दाखविली होती. पंचवीस वर्षांनीं येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत शेंकडा ३ च्या चक्रवाढ दरानें ४७ रुपये ७६ पैसे होते. शेंकडा १० च्या दरानें तीच किंमत अवघी ९ रुपये २३ पैसे होते. दर चढविला कीं नातवाच्या सांवलीची किंमत चहाच्या एका पेल्याएवढी उरते.

एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका गांवच्या ५० हेक्टर उतारावर समतल चर खणावयाचे, ओढ्यावर बांध घालावयाचे व गवत राखावयाचें, यास आज एकरकमी १० लाख रुपये लागतात. पहिलीं तीन वर्षें उत्पन्न कांहीं नाहीं. चौथ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत दर वर्षाअखेर २ लाखांचा फायदा होतो. बारा वर्षांचे २४ लाख झाले. दहा लाखांचे चोवीस लाख, असें सांगितलें म्हणजे सभेंत टाळ्या पडतात. आतां वटाव लावून पाहूं. शेंकडा ५ च्या दरानें त्या २४ लाखांची आजची किंमत १५ लाख ३१ हजार होते; योजना फायद्याची. शेंकडा १० नें ती १० लाख २४ हजार होते, जेमतेम तोंडमिळवणी. शेंकडा १२ नें ८ लाख ८२ हजार होते, योजना तोट्याची. काम तेंच, चर तेच, पाऊस तोच. दर तेवढा बदलला. म्हणून ज्या अहवालांत वटावाचा दर लिहिलेला नाहीं, त्याची शेवटची ओळ वाचण्यांत अर्थ नाहीं. आणि जेथें एकच दर लावला आहे तेथें आणखी दोन दरांनीं हिशेब मागावा.

योजना नसती तर

याहून मोठी फसगत तुलनेंत होते. योजनेपूर्वीं अमुक उत्पन्न होतें, नंतर अमुक झालें, सबब वाढ झाली ती योजनेमुळें, असें बहुतेक अहवालांत लिहिलेलें असतें. परंतु ज्या सालीं योजना सुरू झाली तें बहुधा दुष्काळाचें साल असतें; दुष्काळ असतो म्हणूनच योजना येते. पुढें पाऊस बरा झाला, वीज आली, दुधास भाव आला, तर उत्पन्न योजनेवांचूनहि वाढलें असतें. खरी तुलना पूर्वीं आणि नंतर यांची नव्हे. योजना झाली तर काय आणि न झाली तर काय, यांची होय. वरील उदाहरणांत २ लाखांपैकीं ५० हजारांची वाढ अशीच आपोआप झाली असती असें धरलें, तर योजनेच्या नांवें दरसाल दीड लाखच पडतो. मग शेंकडा ५ च्या दरानें आजची किंमत ११ लाख ४८ हजार आणि शेंकडा १० नें ७ लाख ६८ हजार होते. पहिल्या दरानें थोडा फायदा, दुसऱ्यानें सरळ तोटा.

हें उलट बाजूनेंहि खरें आहे. योजना न केल्यास सारें जसेंच्या तसें राहील, असें धरणेंहि चूक. उताराची माती दर पावसांत वाहून जात असेल, तर कांहीं न केल्यानें उत्पन्न घटत जाईल; आणि ती टळलेली घट योजनेच्या जमेस धरली पाहिजे. एखादें शेजारचें, तसल्याच मातीचें व पावसाचें गांव, जेथें योजना झाली नाहीं, तेथील विहिरींची पातळी त्याच महिन्यांत मोजून ठेवणें हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे. पीकपाहणीची संवय असलेल्या आपल्या लोकांस तो जड वाटूं नये.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पंधरा वर्षें फायदा होईल हें चर व बांध साफ राहिले तर. गाळ काढला नाहीं आणि आठव्या वर्षानंतर फायदा थांबला, तर शेंकडा ५ च्या सौम्य दरानेंहि आजची किंमत ७ लाख ४८ हजारच भरते आणि दहा लाखांचें काम अडीच लाखांनीं बुडतें. बांधणीच्या खर्चास देणगीदार मिळतो, फलक लागतो, फीत कापली जाते. गाळ काढण्याच्या खर्चास कोणी पुढें येत नाहीं. योजना बुडतात त्या बहुधा येथें.

कुंभारवाडीचा हिशेब

आपल्याच मुलखांतील एका गांवाचा असा हिशेब झाला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील कुंभारवाडी हें पर्जन्यछायेंतील गांव. तेथें १९९८ ते २००२ या काळांत वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेनें भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं पाणलोटाचें काम केलें. पुढें २०१३ सालीं वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनें त्याचा जमाखर्च प्रसिद्ध केला. सुमारें ९१० हेक्टर क्षेत्राचें काम. १९९८ ते २०१२ हीं पंधरा वर्षें हिशेबास धरलीं. खर्च वजा जातां फायद्याची आजची किंमत ५० लाख ७० हजार ते ७४ लाख ३० हजार डॉलर निघाली. हेक्टरीं सांगावयाचें तर ५,५७३ ते ८,१७२ डॉलर. पूर्वीं वर्षांतून पांच महिने पिण्याचें पाणी टँकरनें आणावें लागे, तें बंद झालें. साऱ्या पाणलोटाचें शेतीचें निव्वळ उत्पन्न सालीना सुमारें ६९ हजार डॉलरवरून जवळजवळ सव्वासहा लाख डॉलरवर गेलें.

हे आंकडे वाचून कोणाहि शेतकऱ्याचें मन हर्षित होईल, आणि व्हावेंच. परंतु लिहिण्याची पद्धतहि पाहावी. त्यांनीं एक रक्कम लिहिली नाहीं. खालची व वरची अशा दोन लिहिल्या. गृहीत धरलेल्या गोष्टी बदलल्या कीं रक्कम किती हलते, हें त्यांतून कळतें. प्रामाणिक हिशेब बहुधा असाच असतो. निसर्गाच्या कामांत रुपये-आणे-पैपर्यंत एकच आंकडा कोणीं पुढें केला, तर वहीपेक्षां लिहिणाराकडे निरखून पाहावें.

तथापि या बेरजेंतहि एक गोष्ट आपोआप दिसत नाहीं. सव्वासहा लाख डॉलर हें सबंध पाणलोटाचें उत्पन्न. त्यांतले विहिरीवाल्याचे किती, कोरडवाहूवाल्याचे किती, आणि ज्याच्या नांवें एक गुंठाहि नाहीं त्याचे किती, हें बेरीज सांगत नाहीं. बेरजेचा तो स्वभावच नव्हे. येथेंच आमचा मुख्य मुद्दा येतो.

कोणाच्या खात्यावर

अमेरिकेंत १९३६ सालीं पूरनियंत्रणाचा कायदा झाला. त्यांत अशी अट होती कीं, फायदा कोणासहि होवो, तो एकूण खर्चाहून अधिक असला पाहिजे. तेथून सरकारी कामांत जमाखर्च मांडण्याची रीत पक्की झाली. १९३९ सालीं निकोलस कॅल्डॉर व जॉन हिक्स या इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञांनीं तिला शास्त्राधार दिला : ज्यांचा फायदा झाला ते, ज्यांचा तोटा झाला त्यांची भरपाई करूनहि फायद्यांत राहूं शकत असतील, तर योजना चांगली. मात्र भरपाई प्रत्यक्ष केलीच पाहिजे, असें या कसोटींत नाहीं. करूं शकतील, एवढ्यावरच ती समाधान मानते. "देऊं शकतो" आणि "दिले" यांत किती अंतर आहे हें वसुलीचें काम केलेल्या माणसास सांगणें नलगे.

आमच्या उदाहरणाकडे पुन्हां येऊं. उतारावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केल्यावांचून गवत व झाडें वाढत नाहींत, हें खरें. समजा, त्या उतारावर पंधरा घरांच्या शेळ्या चरत होत्या आणि बंदीमुळें पहिलीं तीन वर्षें दर घराचें सालीना ४ हजारांचें नुकसान झालें. तें वजा केलें तरी शेंकडा ५ च्या दरानें ३ लाख ६८ हजारांची शिल्लक राहते. वही म्हणते, योजना करा. पण फायदा ओढ्याच्या खालच्या अंगास विहिरी असलेल्या दहा-बारा खातेदारांस आणि तोटा त्या पंधरा घरांस. तीं घरें तीन वर्षें काय खाणार ? रात्रीं शेळ्या उतारावर जाणार, राखणदाराशीं तंटे होणार, चर बुजणार, आणि मग "लोकांस समज नाहीं" असा शेरा पडणार. समज पुरेपूर होती. खातें चुकीचें होतें.

हें केवळ आमचें तर्कट नव्हे. जॉन केर, गणेश पांगारे व वसुधा लोकूर पांगारे यांनीं महाराष्ट्रांतील व आंध्र प्रदेशांतील मिळून ८६ गांवांची पाहणी करून २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या पाणलोट योजना माती व पाणी राखण्यांत सर्वांत यशस्वी ठरल्या, त्यांतच फायदा मोठ्या खातेदारांकडे अधिक झुकला आणि चराऊ रान बंद झाल्याचा भार भूमिहीनांवर व गुरेंशेळ्या राखणाऱ्यांवर पडला, असें त्यांस आढळून आलें.

खातेदारांनीं हें दुसऱ्याचें दुःख म्हणून वाचूं नये, कारण पारडें फिरलें म्हणजे हीच पाळी आपल्यावर येते. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें, त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. त्यांत पिकाखालील खाजगी जमिनी व गांवेंच्या गांवें आलीं आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध येऊन पडले. पक्षी राखावा ही इच्छा साऱ्या देशाची. तिचा बोजा मात्र माळाच्या कांठच्या खातेदाराच्या उताऱ्यावर. अखेर २०१२ सालीं हें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावें लागलें. आणि एवढें सोसूनहि माळढोकांची संख्या घटतच गेली. ज्यांच्या शेतांत पक्षी अंडीं घालतो त्यांस त्याचा राग येऊं लागला, तर कोणतेंहि राजपत्र त्यास वांचवूं शकत नाहीं.

खालच्यानें वरच्यास द्यावें

ही तफावत मिटवितां येते, याचे दाखले आहेत. न्यूयॉर्क शहराचें बहुतेक पाणी कॅट्स्किल व डेलावेअर या खोऱ्यांतून येतें. १९८९ सालीं पाणी गाळून घेण्याचा नवा नियम झाला, तेव्हां गाळण्याच्या कारखान्यास ६ ते ८ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज निघाला. त्याऐवजीं वरचें पाणलोट क्षेत्रच स्वच्छ राखावें असें शहरानें योजिलें, आणि १९९० सालीं वरच्या शेतकऱ्यांसाठीं कडक नियमांचा मसुदा काढला. शेतकरी खवळले. शहराचें पाणी राखण्यासाठीं आम्हीं ओढ्याकांठची जमीन सोडावी, गोठे हलवावे, खत सांठवावें, आणि खर्चहि आम्हींच करावा काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शहरानें तो मान्य केला. शेतकऱ्यांचीच परिषद स्थापन झाली. प्रत्येक शेताचा आराखडा शेतकऱ्याच्या खुशीनें व्हावा आणि सुधारणेचा खर्च शहरानें द्यावा, असें ठरलें. पांच वर्षांत शेंकडा ८५ शेतकरी सामील व्हावेत ही अट होती, ती पुरी झाली. १९९७ सालीं शहर व वरचीं गांवें यांत मोठा करार झाला. शहरास एकूण दीड अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला, तरी कारखान्याच्या मानानें तो स्वस्तच पडला. येथें "देऊं शकतो" याचें "दिले" झालें. म्हणून योजना टिकली.

आपल्याकडे इतका पैसा नाहीं, हें म्हणणें बरोबर. पण भरपाई पैशांतच करावी लागते असें नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची उजाड जमीन घेऊन माती व पाणी अडविण्याचें काम केलें आणि त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाण्याचा वांटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरांतील माणसांवर. माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. भूमिहीनासहि वांटा. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जावयाचें नाहीं. ऊस लावावयाचा नाहीं. हे नियम आमच्यासारख्या जमिनीच्या दप्तरांत वाढलेल्यास प्रथम विचित्र वाटतात, कारण आमची सारी वही जमिनीच्या नांवें आहे, माणसाच्या नांवें नाहीं. पण उतार राखण्याचें ओझें ज्यांच्यावर पडतें त्यांस उताराच्या पाण्यांत भागीदार केल्यावर राखणदाराची गरज कमी पडते, हें साध्या हिशेबाचें काम आहे.

ग्रामसभेंत काय विचारावें

पुढच्या खेपेस कोणी योजना घेऊन आला, तर खातेदारांनीं संमतीपूर्वीं पांच प्रश्न विचारावे आणि उत्तरें लेखी घ्यावीं. एक, योजना न झाल्यास काय होईल, आणि तें कोणत्या शेजारगांवाशीं ताडून पाहणार ? दोन, वटावाचा दर कोणता धरला, आणि तो दोन टक्क्यांनीं वरखालीं केल्यास निकाल फिरतो काय ? तीन, बांधणी संपल्यावर गाळ व दुरुस्तीचा खर्च कोणत्या फंडांतून, आणि तो फंड आजच बाजूस ठेवला आहे काय ? चार, ज्यास किंमत लावतां आली नाहीं, पाखरें, मधमाश्या, बायांच्या डोक्यावरचा हंडा, त्याची नुसती यादी तरी अहवालांत आहे काय ? आणि पांच, गांवांतील घरांची यादी करून प्रत्येकापुढें जमा व खर्च असे दोन रकाने भरले आहेत काय ? ज्या घरापुढें नुसता खर्चच पडतो, त्याची भरपाई काय, केव्हां आणि कोण देणार ?

पांचवा प्रश्न विचारणें विहिरीवाल्या खातेदारास थोडें अवघड जाईल, हें आम्ही जाणतों, कारण उत्तर त्याच्या कणगीकडे बोट दाखवील. परंतु ज्या उतारास आपण पिढ्यान्‌पिढ्या खराबा म्हणत आलों, त्याच्यावरच आपली विहीर उभी आहे. फायद्याच्या दहा हिश्शांतून एखादा हिस्सा वरच्या अंगास देण्याचा ठराव योजनेच्या ठरावाबरोबर त्याच सभेंत, त्याच पानावर लिहून घ्यावा. तो नंतर लिहूं म्हटल्यास लिहिला जात नाहीं, असा दप्तराचा अनुभव आहे.